न चाखलेलं पुरण

निकाल लागला त्या दुपारी आमच्या गिरणीवर सात-आठ डबे रांगेत होते. माझे मालक, म्हणजे नवरा, ज्वारी दळत होते आणि मी पिठाच्या तोंडाशी बसून डबे भरत होते. चालू गिरणीत कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर ओरडावं लागतं, आणि मला उत्तर द्यायचं असेल तर नुसती मान हलवली तरी भागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथं बसते ती त्यामुळंच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. चौथीत गुरुजींनी उभं करून कविता म्हणायला लावली तेव्हा मी उभ्या उभ्या रडले होते. त्याच वर्षी शाळा सुटली, आणि मला वाईट वाटलं नाही.

एक बाई मोबाईल हातात धरून पळत आली. "जन्मठेप झाली! आक्काला जन्मठेप!"

मालकांनी बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला आणि एवढ्या शांततेत सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

"फाशीच द्यायला पाहिजे होती. जन्मठेप म्हंजे काय, बसून खाणं."

"बसून कशाची खाती! तिथं कामाला लावतेत."

"मग सैपाकाला तेवढं नका लावू म्हणावं. आख्खी जेल आडवी व्हईल!"

सगळ्या हसल्या. एकजण तर डब्यावर हात आपटून हसली. तिच्याच लेकीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू आक्कानं करून दिले होते.

आक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायचे, आणि माझं ऐकून सगळी गल्ली म्हणायला लागली. मागच्या अधिक महिन्यात तिनं लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलावलं होतं. जावई देवणीकडचा. आमचं गाव नांदेड जिल्ह्याच्या शिवेवर, ओढा ओलांडला की लातूर जिल्हा, त्यामुळं आमच्या बहुतेक लेकी तिकडंच दिलेल्या. तो जेवताजेवता पाटावरून उठला, अंगणात ओकला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. धोंड्यांच्या पुरणात फवारणीचं औषध सापडलं. सासूनं जावयाला अधिकात विष घातलं, ही बातमी मुंबईपर्यंत गेली. चॅनलवाले आले, गल्लीत गाड्या लावायला जागा राहिली नाही. त्यांनी आक्काच्या चुलीचे फोटो काढले. माझ्या चुलीसारखीच चूल, पण टीव्हीवर दाखवली तेव्हा वेगळी दिसली.

निकालाच्या संध्याकाळी देवणीकडून चार जीपा भरून माणसं आली. जावयाचे भाऊबंद. त्यांचं माणूस गेलं होतं, त्यांच्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण त्यांच्याबरोबर फटाके लावायला आमच्या गावातले जे पुढं झाले त्यांचं कोण गेलं होतं? आक्काच्या दारासमोर पाच हजारांची माळ लावली. आत आक्काची लेक, म्हणजे मेलेल्या जावयाची बायको, आणि तिची सहा वर्षांची मुलगी दार लावून बसली होती. पोलिसांनी लेकीला चौकशी करून सोडून दिलं होतं, पण सासरनं ठेवून घेतलं नाही, म्हणून ती आईच्या रिकाम्या घरात राहत होती.

"दार उघड की गं! पेढे घे!" एकजण ओरडत होता.

"तिच्या हातचं कोण खाईल? आपणच तिला खाऊ घाला!"

मी खिडकीच्या फटीतून बघत होते. बाहेर गेले नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढं मी जे बोलले ते वाचून कुणाला मी धीट वाटायला नको. त्या संध्याकाळी मी खिडकीशीच होते. सकाळी आक्काच्या कडीला कुणीतरी औषधाची रिकामी बाटली सुतळीनं बांधून ठेवलेली दिसली. लेकीनं ती दातानं सुतळी तोडून काढली आणि घरात नेली. फेकली सुद्धा नाही. फेकली असती तर त्याचंही कुणी काही म्हटलं असतं.

त्याच सकाळी टीव्हीवर सरकारी वकील कोर्टाच्या पायरीवर उभे राहून बोलताना दिसले. मालकांनी आवाज वाढवला. वकील म्हणत होते की या केसमध्ये अनेक पुरावे होते, पण सगळ्यात बोलका पुरावा एका साध्या, चौथी शिकलेल्या शेजारणीनं दिला. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं स्वतः केलेल्या पुरणाची चव घेतली नाही. का घेतली नाही? कारण आत काय आहे ते तिला माहीत होतं.

मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला.

"तुझंच सांगायलेत," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. साक्ष देऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की मी काहीच बोलले नाही. दोन-तीन वेळा हो, चार-पाच वेळा नाही, एवढंच. त्यातल्या एका नाहीचं त्यांनी हे केलं होतं.

त्या दिवशी काय झालं ते मी नीट लिहिते.

धोंडे करायचे म्हणून आक्कानं मला सकाळीच हाक मारली होती. तेहतीस धोंडे एकटीनं होत नाहीत. डाळ तिनं शिजवली, गूळ तिनं घातला, पुरण मी पाट्यावर वाटलं, कारण तिच्या मनगटात कळ येत होती. कणीक लेकीनं मळली. मग तिघींनी बसून उंडे भरले. पुरणाच्या पातेल्याला आम्हा तिघींचे हात लागले होते. वाटताना बोटाला पुरण चिकटलं तर मी ते चाटलं नाही, पाण्यात बुडवून धुतलं. आक्कानंही चाखलं नाही. लेकीनंही नाही. निवदाचं पुरण कुणी चाखतं का? गूळ कमी पडला का जास्त, ते हाताच्या अंदाजानं आणि वासानं कळायला पाहिजे. मी नवी नवरी असताना एकदा होळीच्या पुरणात बोट घालून चाखलं होतं, तर सासूबाईंनी सगळं पातेलं म्हशीपुढं ओतलं आणि मला पुन्हा डाळ शिजवायला बसवलं.

आणि अधिकात तर निवदाच्याही पुढची गोष्ट असते. जावई म्हणजे नारायण, लेक म्हणजे लक्ष्मी. वाण त्यांना द्यायचं. नारायणाच्या तोंडात घास जाईपर्यंत घरातलं कुणी तोंड उष्टं करत नाही. आक्का त्या दिवशी चहासुद्धा प्यायली नव्हती. "आधी ह्यांचं होऊ दे," म्हणाली. पहिल्या पंगतीला एकटा जावई बसला. त्यानं चार खाल्ले. बाकी कुणाच्या तोंडात काही जायच्या आतच ते सगळं झालं.

जावई लेकीला मारायचा हे खरं. आक्कानं नळावर चार बायकांत म्हटलं होतं, "मुडदा बशिवला त्याचा." तेही कोर्टात आलं. आमच्या नळावर रोज सकाळी आठ-दहा मुडदे बसवले जातात. नवऱ्यांचे, दिरांचे, नळ सोडणाऱ्या माणसाचे. पण ते कोर्टात सांगायला गेलेल्या दोघींनी आपण बसवलेले मुडदे सांगितले नाहीत.

आक्कानं केलं की नाही ते मला माहीत नाही. हे मी देवासमोर लिहिते. ती खोली माझ्यासमोर पूर्ण वेळ नव्हती, मी दोनदा घरी येऊन गेले. औषधाची बाटली त्यांच्या माळ्यावर होती, तशी ती आमच्याही माळ्यावर आहे. पण तिनं पुरण का चाखलं नाही ते मला माहीत आहे. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

कोर्टात मला उभं केलं. सरकारी वकिलांनी मायेनं विचारलं, "मावशी, घाबरू नका. तुम्ही सकाळपासून तिथं होता?"

"हो."

"पुरण आरोपीनं केलं?"

"हो."

"आरोपीनं पुरणाची चव घेतलेली तुम्ही बघितली?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

ते वळून बसले. मला वाटलं ते आता विचारतील, का नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण मग आक्काचा वकील उठला. त्यानं मला विचारलं की चूल दारापासून लांब आहे का, खोलीत अंधार होता का, माझ्या डोळ्यांना चष्मा आहे का. मी सांगितलं, नाही, नाही, नाही. तो म्हणाला, बस. मीही चाखलं नाही का, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं याची मला तेव्हा भीती होती, तेही लिहिते. पुरण मी वाटलं होतं. पोलिसांनी मला दोन दिवस ठाण्यावर बसवलं होतं. कुणी विचारत नाही तर आपण कशाला पुढचं बोला, असं माझ्या मनात आलं होतं. लाजाळू बाईला गप्प बसायला कारण शोधावं लागत नाही, आणि त्या दिवशी तर कारण समोर उभं होतं.

त्या वकिलांच्या घरी निवद होत नसेल का? त्यांची आई पुरण चाखत असेल का? पण त्या खोलीत येताना सगळे आपलं घर बाहेर ठेवून येतात असं दिसलं.

टीव्हीवर माझं सांगितल्यावर चार दिवसांनी गावानं माझा सत्कार ठेवला. मारुतीच्या पारावर खुर्ची, शाल, नारळ. मी नको नको म्हणत होते, पण माझं नको म्हणणं कधी कुणाला ऐकू आलेलं नाही. पारावरून आक्काचं दार दिसत होतं. एक पुढारी बोलला की अशा बायका आहेत म्हणून गावची इज्जत आहे. बायकांनी मला कुंकू लावलं.

"वहिनी, तुम्ही तर लई डेरिंगच्या निघाल्या! एरवी तोंडातून शब्द निघत न्हाई, आणि तिथं जाऊन एका शब्दात गार केलं तिला."

मी त्यांच्याकडं बघत होते. ती बोलणारी दर दिवाळीला पहिला अनारसा देवापुढं ठेवते. तिनं मला कुंकू लावलं तेव्हा मी तिला विचारायला पाहिजे होतं, तू चाखतेस का गं? नाही विचारलं. नारळ घेऊन घरी आले.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होते, ते काम थांबवलं नाही.

"मग आता काय म्हणणं हाय तुझं?"

"सांगायला पाहिजे ना."

"कुणाला? निकाल झाला. जज काय येडा हाय? तिच्याकडं बाटली सापडली, मुडदा बशिवला म्हणली, ते सगळं बघूनच दिली ना शिक्षा."

"पण माझं..."

"तुझं म्हणशील तर तू खरंच बोललीस. खोटं तर बोलली न्हाईस ना? मग गप ऱ्हा. उद्या हेच लोक म्हणतील, पुरण वाटणारी बी सामील होती."

ते खोटं बोलत नव्हते. मी गप्प राहिले.

मग अधिक महिना लागला. दर तीन वर्षांनी येतो तसा यंदाही आला, ऐन उन्हाळ्यात. पण यंदा गावात नवंच निघालं. कुणाच्या तरी जावयानं सासूला पाटावर बसल्या बसल्या म्हटलं, "मामी, आधी तुम्ही खा, मग मी." सगळे हसले, सासूनं हसत एक धोंडा खाल्ला, कुणीतरी मोबाईलमध्ये धरलं आणि ते सगळीकडं फिरलं. आठ दिवसांत घरोघरी तेच. जावई पाटावर, सासू समोर, मोबाईल उंच धरलेला, आणि सासू घास घेते. वरून गाणं टाकायचे. "आधी सासू, मग जावई" असं खाली लिहायचे. पहिल्यांदा चेष्टा होती. नंतर विहिणी आधीच फोनवर तशी अट घालायला लागल्या.

ज्या बायकांनी उभ्या जन्मात निवदाआधी पाणी घेतलं नाही, त्या हसत हसत मोबाईलपुढं धोंडा चावत होत्या. एकही म्हणाली नाही की हे आपल्यात नसतं. म्हटलं असतं तर आक्कानं का चाखलं नाही हे कबूल करावं लागलं असतं.

माझ्या विहिणीचा फोन आला. माझी लेक उदगीरकडं दिलेली आहे. विहीणबाई मोकळ्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांच्यापुढं मी नेहमी दबून असते.

"आम्ही येतो रविवारी. मी बी येते. पण बघा हं, आमच्या डोळ्यासमोर तुम्ही आधी एक खायचा. तुम्ही तर कोर्टात जाऊन आलेल्या, तुम्हाला सगळं माहीत!"

त्या हसल्या, मीही हसले.

रविवारी पहाटेच डाळ घातली. पुरण वाटताना गल्लीतल्या दोघी मदतीला आल्या. मदतीपेक्षा बघायलाच आल्या असाव्यात. त्यांतली एक म्हणाली, "वहिनी, आत्ताच चाखून बघा की. नंतर पोरीच्या सासूपुढं लाजाल." मी पाट्यावरून नजर काढली नाही.

अकरा वाजता ते आले. जावई माझा शांत आहे, शाळेत शिपाई आहे, माझ्यासारखाच बोलत नाही. पाट मांडला, रांगोळी काढली. लेक-जावयाला कुंकू लावलं. तेहतीस धोंडे तांब्याच्या ताटात, वर दिवा. जावयानं मान खाली घातली होती.

"थांबा थांबा," विहीणबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून मोबाईल काढला. "हं, विहीणबाई. घ्या एक."

दारात आणखी चार-पाच जणी जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "घाबरतेत बघा!" आणि हशा झाला. माझ्या लेकीनं मला डोळ्यांनी खुणावलं, घे म्हणून.

मी ताटाकडं हात नेला आणि मागं घेतला. मला आधी वाटलं मी नुसतीच गप्प राहीन, आणि त्या सगळ्या कंटाळून सोडून देतील. पण त्या थांबल्या होत्या.

"नारायणाच्या आधी मी तोंड उष्टं करणार नाही," मी म्हटलं. आवाज एवढा बारीक निघाला की विहीणबाईंनी कानावर हात ठेवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. या वेळी गिरणीत बोलते तसं निघालं, ओरडून. "आपल्यात कुणीच करत नाही. आक्कानं बी म्हणूनच पुरण चाखलं नव्हतं. मी बी चाखलं नव्हतं त्या दिवशी. मला कोर्टात एवढंच विचारलं की चाखलं का. का नाही चाखलं ते कुणी विचारलंच नाही. तुम्ही सगळ्या सांगा, तुम्ही चाखता का? सांगा की!"

विहीणबाईंचा मोबाईल अजून वर होता.

मग दारातून आवाज आला, "म्हंजे तुम्ही तिच्या बाजूच्या झालात का?"

"सत्काराचा नारळ घेताना न्हाई आठवलं हे!"

"मलाबी तवाच शंका आली होती. पाट्यावर ते पुरण कुणी वाटलं होतं?"

विहीणबाईंनी मोबाईल पिशवीत टाकला. त्या हसत नव्हत्या. "मी चेष्टा केली होती, बाई," त्या हळू म्हणाल्या. "एका घासाची गोष्ट. तुम्ही एवढं का चिडलात? एवढं कशाला घाबरलात?" आणि जावयाचा हात धरून म्हणाल्या, "ऊठ रे."

जावई उठला. जाताना माझ्या पाया पडला, पण ताटाला शिवला नाही. लेक दारात क्षणभर थांबली.

"एक घास खाल्ला असता तर काय झालं असतं, आई?"

त्याचं उत्तर आता लिहिते. खाल्ला असता तर मी आक्काच्या विरुद्ध दुसऱ्यांदा साक्ष दिली असती. आणि या वेळी तर मला सगळं कळत होतं.

ते गेले. दारातल्या बायका गेल्या. दिवा ताटात तसाच जळत होता. मालक इतका वेळ अंगणात बाजेवर बसून होते. मला वाटलं आता ते तोंडाला येईल ते बोलतील. ते आत आले, हातपाय धुतले, आणि जावयाच्या पाटावर बसले.

"वाढ," म्हणाले.

मी निवद दाखवला आणि वाढलं. त्यांनी चार खाल्ले. मग पाणी पिऊन म्हणाले, "गोड कमी झालं." गोड कमी झालं नव्हतं. ते माझ्या लग्नापासून प्रत्येक पुरणाला तेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर तीन डबे आले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. लोक ओढ्यापलीकडच्या गिरणीला जायला लागले, एवढ्या उन्हात डोक्यावर डबे घेऊन. रस्त्यात दिसले की मोठ्यानं म्हणायचे, "दळण देताना बघून द्या बाबा, पिठात काय मिसळतील नेम न्हाई." ज्यांनी शाल घातली त्यांच्यातल्याच एकीनं मला नळावर नंबर दिला नाही. मी कळशी घेऊन मागं सरकले. मी परत माझ्यासारखी झाले होते.

लेकीचा फोन आठ दिवस आला नाही. मग आला, पण ती भाजीचे, पाण्याचे विषय बोलली. मीही तेच बोलले.

आणि मग एका दुपारी आक्काची लेक आली. समोरच्या घरातून आमच्या घरात यायला तिला वीस पावलं लागतात, पण खटला उभा राहिल्यापासून ती आली नव्हती. दारातच उभी राहिली. मीच म्हटलं आत ये.

"मावशी, त्या रविवारी तुम्ही बोललात ते मला ऐकू आलं. दार लावलेलं होतं तरी ऐकू आलं." मग म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं पहिल्या वकिलाला. आम्ही निवदाचं चाखत न्हाई. तो म्हणाला, हे भावनेचं झालं, कोर्टात चालत नाही. घरचं माणूस सांगणारच असं. आता दुसरा वकील केलाय, वरच्या कोर्टात अपील करायचं. तो म्हणतोय, घराबाहेरच्या कुणी सांगितलं तर बघू."

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"भेटायला गेले तवा तुमचं विचारलं. म्हणाली, तिचा राग धरू नको, ती घाबरट हाय."

मला आक्कानं तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मालक कोपऱ्यात बसून गिरणीची चाळणी साफ करत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते चाळणीकडंच बघत म्हणाले, "साडेनऊची गाडी हाय. परत यायला दुपारची मिळंल. गिरणीला तसंही काम न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी वकिलाकडं गेलो, मी, आक्काची लेक आणि तिची मुलगी. गाडीत आमच्या गावच्या दोन बायका होत्या. आम्ही बसलो तशा त्या उठून मागं जाऊन उभ्या राहिल्या, जागा असून. मुलगी त्यांच्याकडं वळून वळून बघत होती. लेकीनं तिचं तोंड खिडकीकडं केलं.

वकील तरुण होता. त्याच्या टेबलावर आक्काच्या केसचा गठ्ठा होता, विटेएवढा जाड. त्यानं आधीच सांगितलं, "मावशी, मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. यानं ती सुटेलच असं नाही. बाकीचे पुरावे आहेत. आणि समोरचे म्हणतील, इतके दिवस का गप्प होता? तुमचं नाव पुन्हा पेपरात येईल. चालेल?"

मी मान हलवली. तो थांबला. मला कळलं की इथं गिरणी चालू नाही.

"चालेल," मी म्हटलं.

त्यानं कागद ओढला, गठ्ठ्यातून माझी जुनी साक्ष काढली आणि वाचून दाखवली. सगळी मिळून पाऊण पान होती. मग पेन उघडून तोच प्रश्न विचारला. "आरोपीनं पुरणाची चव घेतलेली तुम्ही बघितली?"

"नाही," मी म्हटलं. त्यानं लिहिलं आणि वर बघितलं. मी टेबलाची कड धरली.

"पुढचं लिहा," मी म्हटलं. "मीही चाखलं नव्हतं. पुरण मी वाटलं होतं."